मुतखडा, प्रथिने आणि ऊती: एफटीआयआरसाठी कोणता स्फटिक घ्यावा?

कोकणात पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: मुतखड्यांचे विश्लेषण आजवर त्या रासायनिक किटने करत आल्या आहेत आणि आता त्यासाठी एफटीआयआर वर्णपटमापी (नमुना अवरक्त प्रकाशाचा कोणता भाग शोषतो ते मोजणारे यंत्र) घेण्याचे ठरले आहे. जवळच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यांना त्याच यंत्रावर प्रथिनांची द्रावणे आणि ऊतींचे काप तपासायचे आहेत. तीन विक्रेत्यांच्या दरपत्रकांत एटीआरसाठी (नमुना स्फटिकावर दाबून मोजण्याच्या पद्धतीसाठी) अनुक्रमे हिरा, झिंक सेलेनाइड आणि जर्मेनियम असे तीन वेगवेगळे स्फटिक आहेत. त्यांपैकी एकाने यंत्राच्या आतला बीमस्प्लिटरही (प्रकाशकिरण दोन भागांत विभागणारा घटक) "दमट हवेसाठी खास" म्हणून झिंक सेलेनाइडचा सुचवला आहे. यांतले काय घ्यावे आणि का?

डॉक्टर, मी गेली सत्तावीस वर्षे अवरक्त वर्णपटांवर काम करतो आहे आणि त्यातला मोठा भाग मुतखड्यांचा आहे. त्या अनुभवावरून सांगतो की मुतखड्यांसाठी हिरा घ्यावा, पण तो झिंक सेलेनाइडच्या आधारावर बसवलेला नसावा. बीमस्प्लिटर केबीआरचाच, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडचा घ्यावा. प्रथिनांसाठी कॅल्शियम फ्लोराइडची स्वतंत्र सेल (दोन पारदर्शक चकत्यांमध्ये द्रावण धरणारी कुपी) घ्यावी. जर्मेनियम आज घेऊ नये. या निवडीमागची कारणे सविस्तर सांगतो, कारण ती कळली की पुढे कोणत्याही दरपत्रकाचा निर्णय तुम्हाला स्वतःला करता येईल.

मध्य-अवरक्त भाग साधारणपणे ४००० ते ४०० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांमध्ये (एका सेंटिमीटरात बसणाऱ्या तरंगांच्या संख्येत) येतो. तरंगलांबीच्या भाषेत तो २.५ ते २५ मायक्रोमीटर होतो. यापुढे मी नुसते आकडे देईन, ते प्रति सेंटिमीटर समजावेत. रेणूंची कंपने याच पट्ट्यात शोषण दाखवतात, म्हणूनच हा भाग आपल्या उपयोगाचा आहे. अडचण अशी की काचेतल्या अणूंच्या बंधांचीही अशीच कंपने होतात आणि साधी काच साधारण २००० च्या खाली जवळजवळ अपारदर्शक होते. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलक आणि तापमापी घेऊन तांबड्या रंगापलीकडची उष्णता दाखवली, परंतु काचेच्या पलीकडे जायचे तर दुसरा पदार्थ हवा होता. पुढे १८३० च्या दशकात मेलोनी यांनी सैंधवातून ही उष्णता सहज पार होते हे दाखवले आणि तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवरक्त यंत्रांतले लोलक मुख्यतः मिठासारख्या क्षारांचेच होते. स्वयंपाकघरातले सैंधव आणि प्रयोगशाळेतली सोडियम क्लोराइडची विंडो (प्रकाश आरपार जाऊ देणारी चकती) हा एकच पदार्थ आहे.

कोणता स्फटिक कुठवर पारदर्शक राहील हे त्यातले अणू किती जड आणि त्यांना बांधणारे बल किती घट्ट यावर ठरते. हलके अणू आणि घट्ट बंध असतील, तर स्फटिकाची स्वतःची कंपने वरच्या तरंगसंख्यांना होतात आणि तिथेच तो प्रकाश अडवू लागतो. अणू जड आणि बंध सैल असतील, तर ही मर्यादा खाली सरकते. म्हणून कॅल्शियम फ्लोराइड जाडीनुसार १००० ते ११०० च्या आसपास थांबते, बेरियम फ्लोराइड सुमारे ८०० पर्यंत जाते, सोडियम क्लोराइड साधारण ६५० पर्यंत, पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत आणि सीझियम आयोडाइड थेट २०० पर्यंत. पण ज्या सैल बंधांमुळे केबीआर इतक्या खालपर्यंत पारदर्शक राहते, त्याच बंधांमुळे ते मऊ असते आणि पाण्यात सहज विरघळते. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण लवकर थांबते. म्हणजे क्षारांमध्ये पारदर्शकता आणि टिकाऊपणा यांची एकमेकांशी ओढाताण असते.

हिरा, जर्मेनियम आणि सिलिकॉन यांचे गणित वेगळे आहे. त्यांत सगळे अणू एकाच मूलद्रव्याचे असल्याने कंपनातून विद्युत-द्विध्रुव तयार होत नाही आणि पहिल्या पायरीचे शोषणच होत नाही. हिऱ्यात दोन कंपने एकत्र येऊन होणारे दुय्यम शोषण मात्र असते. ते साधारण १८०० ते २७०० या पट्ट्यात दिसते. नायट्राइल गट २२०० च्या सुमारास शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला त्याचा त्रास होतो, मुतखडे पाहणाऱ्याला फारसा होत नाही.

आता मुतखड्याकडे येऊ. तुमच्या अहवालात जे घटक येतील त्यांचे निदर्शक पट्टे कुठे आहेत हे पाहिले की अर्धा निर्णय होतो. कॅल्शियम ऑक्सलेट मोनोहायड्रेट, म्हणजे व्हेवेलाइट, १६२० आणि १३१७ च्या आसपास ठळक दिसते, ७८० ला एक सुरेख टोकदार पट्टा देते आणि ३५०० ते ३००० मध्ये हाताच्या बोटांसारखी पाच शिखरे दाखवते. डायहायड्रेट, म्हणजे वेडेलाइट, १६४५ आणि १३२८ च्या जवळ येते आणि वरची पाच बोटे त्यात नसतात, तिथे एकच रुंद उंचवटा असतो. स्ट्रुव्हाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटच्या खड्याचा, फॉस्फेटचा पट्टा १००५ ला आणि अमोनियमचा १४३५ ला असतो. युरिक ॲसिड १६७० च्या आसपास आणि खालच्या बाजूला टोकदार पट्ट्यांची दाटी घेऊन येते. कार्बोनेट ॲपेटाइटचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅल्शियम फॉस्फेटचा, मोठा पट्टा १०३५ ला असतो आणि त्याची खरी ओळख पटवणारी जोडी ६०३ व ५६५ ला असते.

ही शेवटची जोडी लक्षात ठेवावी, कारण दरपत्रकांची पारख तिथेच होते. मिश्र खड्यात ऑक्सलेट भरपूर आणि फॉस्फेट थोडे असते तेव्हा १०३५ चा पट्टा रुंद आणि संदिग्ध होतो. प्रथिने, स्ट्रुव्हाइट, ब्रशाइट (दुसरे एक कॅल्शियम फॉस्फेट), इतकेच काय मातीतले सिलिकेटही त्याच भागात शोषण करतात. तिथे ६०३ आणि ५६५ ची जोडी स्वच्छ दिसली की ॲपेटाइटबद्दल शंका उरत नाही. झिंक सेलेनाइडच्या एटीआरमध्ये मात्र बहुतेक जोडण्यांत ६०० ते ६५० च्या आसपासच प्रकाश संपतो. जर्मेनियमच्या एटीआरमध्ये तो त्याही आधी, साधारण ७८० ला संपतो, म्हणजे व्हेवेलाइटचा टोकदार पट्टाही काठावर येतो. पुष्कळदा स्वस्त "डायमंड एटीआर" म्हणून जे विकले जाते त्यात हिऱ्याची पातळ चकती झिंक सेलेनाइडच्या स्फटिकावर बसवलेली असते. नमुना हिऱ्यावर ठेवला जातो, पण प्रकाश झिंक सेलेनाइडमधून येतो आणि मर्यादा त्याचीच लागू होते. म्हणून विक्रेत्याला हिरा एकसंध आहे की आधारावर बसवलेला, आणि खालची मर्यादा किती, हे लेखी विचारावे.

एटीआरमध्ये प्रकाश स्फटिकाच्या आतून पृष्ठभागावर आदळून पूर्ण परावर्तित होतो आणि त्या वेळी त्याचे क्षेत्र नमुन्यात मायक्रोमीटर-दोन मायक्रोमीटर शिरते. फारेनफोर्ट आणि हॅरिक यांनी १९६० च्या सुमारास ही पद्धत मांडली. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, नमुन्याचा १.५ आणि आपातकोन ४५ अंश धरला, तर १००० ला ही खोली सुमारे २ मायक्रोमीटर येते. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ असल्याने तिथे ती ०.६६ मायक्रोमीटर इतकीच राहते. काळ्या रबरासारख्या, कार्बन भरलेल्या नमुन्यांसाठी हा उथळपणा वरदान ठरतो. खड्याच्या चिमूटभर भुकटीसाठी मात्र त्याचा अर्थ एवढाच की संकेत दुबळा मिळतो. शिवाय ही खोली तरंगलांबीबरोबर वाढते. हिऱ्यावर ३४०० ला ती ०.६ मायक्रोमीटरही नसते आणि ७८० ला अडीच मायक्रोमीटर होते. म्हणून एटीआरच्या वर्णपटात व्हेवेलाइटची पाच बोटे बुटकी दिसतात आणि डाव्या, म्हणजे वरच्या तरंगसंख्यांच्या, टोकाकडे सगळेच फिके वाटते. तीव्र पट्टे थोडे खालच्या तरंगसंख्येकडे सरकतात ते वेगळेच. केबीआर चकतीवर तयार केलेल्या जुन्या संदर्भ-संग्रहाशी एटीआरचा वर्णपट जसाच्या तसा ताडून पाहिला, तर सॉफ्टवेअर आत्मविश्वासाने चुकीचे नाव सांगते. मोनोहायड्रेट आणि डायहायड्रेट यांच्या १३१७ आणि १३२८ च्या पट्ट्यांत तर फरकच दहा-बारा अंकांचा आहे. संग्रह एटीआरचाच घ्यावा किंवा स्वतःच्या ओळखीच्या खड्यांवरून बांधावा.

हा फरक वैद्यकीयदृष्ट्या क्षुल्लक नाही. पॅरिसच्या मिशेल दोदों यांनी आयुष्यभर खड्यांची रचना आणि त्यामागची कारणे यांची सांगड घातली. त्यांच्या कामानुसार मोनोहायड्रेट मुख्यतः लघवीतल्या वाढलेल्या ऑक्सलेटकडे आणि डायहायड्रेट वाढलेल्या कॅल्शियमकडे बोट दाखवते. रासायनिक किटला दोन्ही सारखेच असतात, कारण ते फक्त कॅल्शियम आणि ऑक्सलेट हे आयन ओळखते. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत खड्याच्या विश्लेषणासाठी अवरक्त वर्णपट किंवा क्ष-किरण विवर्तन यांना मान्यता दिलेली आहे, ती याच कारणाने.

किटने होणारी आणखी एक चूक याहून गंभीर आहे. २,८-डायहायड्रॉक्सीॲडेनिन हा दुर्मिळ खडा आनुवंशिक एन्झाइम-दोषामुळे होतो. युरिक ॲसिडच्या खड्याप्रमाणेच तोही साध्या एक्स-रेमध्ये उमटत नाही आणि रासायनिक चाचणीत युरिक ॲसिड म्हणून नोंदवला जाऊ शकतो. युरिक ॲसिडचे खडे लघवी अल्कधर्मी केल्यावर विरघळतात, हे मात्र त्या उपायाने विरघळत नाहीत. त्यांना ॲलोप्युरिनॉलसारखे औषध लागते आणि ते वेळेवर न मिळाल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अवरक्त वर्णपटात हे दोघे पहिल्याच नजरेत वेगळे ओळखू येतात. तुमचे यंत्र अनेक वर्षांत असा एकच खडा पकडेल, पण तेवढ्यासाठीसुद्धा ते घेणे योग्य आहे असे मी मानतो.

खडा यंत्रावर ठेवण्याआधी काय करावे याविषयी थोडे थांबून सांगतो. खडा पाण्याने धुवावा, वाळवावा, भिंगाखाली पाहावा आणि मगच धारदार पात्याने दुभंगावा. कापलेल्या खड्यात बाहेर तपकिरी, किरणांसारख्या रेषांचे आवरण आणि आत मधोमध पांढुरका, खडूसारखा ठिपका दिसला, तर तो ठिपका सुईच्या टोकाने वेगळा खरवडून घ्यावा. तो अनेकदा ॲपेटाइटचा निघतो. अलेक्झांडर रँडल यांनी १९३० च्या दशकात मूत्रपिंडाच्या पॅपिलांवर (लघवी जिथून बाहेर झिरपते त्या आतल्या टोकांवर) वर्णन केलेल्या थरावरच खडा वाढल्याची ती खूण असू शकते. अख्खा खडा एकत्र कुटून घेतला, तर हा दीड-दोन मिलिग्रॅमचा पुरावा ऑक्सलेटच्या ढिगात हरवतो. अहवालात गाभा, मधला थर आणि पृष्ठभाग वेगळे लिहावेत. गाभ्याने सुरुवात कशी झाली ते सांगितलेले असते आणि पृष्ठभागाने आज काय चालू आहे ते.

वाळवण्याबाबत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत केबीआर पावडर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेली असे आणि घाईत मी एका रुग्णाचा धुतलेला खडाही रात्रभर त्याच ओव्हनमध्ये ठेवला. सकाळी वर्णपटात फॉस्फेटचा एक रुंद, आकारहीन उंचवटा होता आणि १४३५ ला जवळजवळ काहीच नव्हते. मी अस्फटिकी फॉस्फेट असा अहवाल दिला. दोन दिवसांनी मूत्ररोगतज्ज्ञांचा फोन आला की लघवीच्या कल्चरमध्ये प्रोटियस, म्हणजे स्ट्रुव्हाइटचे खडे घडवणारा जिवाणू, वाढला आहे, मग स्ट्रुव्हाइट कसा नाही? खडा स्ट्रुव्हाइटचाच होता. तो साठ अंशांच्या आसपासच पाणी आणि अमोनिया सोडू लागतो आणि मी त्याला ११० अंशांत ठेवले होते. उरलेला तुकडा सुदैवाने डबीत होता. तो हवेवर वाळवून पुन्हा तपासला तेव्हा १४३५ चा पट्टा स्पष्ट दिसला. तेव्हापासून माझ्याकडे खडे ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच वाळतात आणि केबीआरचा ओव्हन वेगळा असतो.

हिऱ्याचा आणखी एक फायदा कणखरपणाचा आहे. काही रुग्ण न्हाणीघरात सापडलेला खडा घेऊन येतात आणि तो मूत्रमार्गातून पडलेला नसून वाळूचा असतो. वर्णपटात ७९८ आणि ७७९ ही क्वार्ट्झची जोडी दिसली की ते समजते. झिंक सेलेनाइडवर क्वार्ट्झचा कण दाबला, तर स्फटिकावर कायमचा ओरखडा उठतो. हिऱ्याला काही होत नाही, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि पुढचा नमुना ठेवावा. झिंक सेलेनाइडला आम्लाचीही भीती असते. चिकटलेले फॉस्फेट काढण्यासाठी कुणी त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकले, तर स्फटिक तर खराब होतोच, शिवाय हायड्रोजन सेलेनाइड हा अत्यंत विषारी वायू निर्माण होतो. तुमच्या तंत्रज्ञांना हे पहिल्याच दिवशी सांगावे. केआरएस-५ हा तांबूस-नारिंगी स्फटिक कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. तो थॅलियमच्या क्षारांचा बनलेला असतो आणि थॅलियम विषारी आहे.

एटीआर असला तरी केबीआर चकतीचा संच जवळ ठेवावा, कारण शंकास्पद खड्याचा निवाडा तिथे होतो. एक-दोन मिलिग्रॅम नमुना २०० मिलिग्रॅम कोरड्या केबीआरबरोबर अगेटच्या खलात घोटावा आणि १३ मिलिमीटरच्या डायमध्ये दाबावा. कण दोन मायक्रोमीटरहून बारीक झाले नाहीत, तर प्रकाश विखुरतो आणि आधाररेषा डावीकडे घसरते. कोकणातल्या पावसाळ्यात केबीआर हवेतले पाणी ओढून घेते आणि त्या पाण्याचे पट्टे ३४५० व १६४० ला येतात. दुसरा पट्टा नेमका ऑक्सलेटच्या अंगावर येतो, म्हणून जून ते सप्टेंबर नुसत्या केबीआरची कोरी चकती रोज आधी पाहावी.

याच दमटपणामुळे विक्रेत्याने झिंक सेलेनाइडचा बीमस्प्लिटर सुचवला आहे. त्याची काळजी खोटी नाही. केबीआरचा बीमस्प्लिटर ओलाव्याने धुरकट होतो आणि तो बदलणे महाग पडते. पण झिंक सेलेनाइडचा बीमस्प्लिटर घेतला, तर यंत्र साधारण ६०० च्या खाली आंधळे होते आणि मग एकसंध हिऱ्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. स्रोतापासून शोधकापर्यंतच्या साखळीत जो स्फटिक सर्वांत आधी थांबतो तोच यंत्राची मर्यादा ठरवतो. माझा सल्ला असा की बीमस्प्लिटर केबीआरचा, शोधक (प्रकाश मोजणारा घटक) थंड न करता चालणारा साधा डीटीजीएस आणि प्रकाशमार्ग बंदिस्त असलेले यंत्र घ्यावे. ते रात्रंदिवस चालू ठेवावे, कारण आतली थोडीशी ऊबच ओलावा दूर ठेवते. सिलिका जेलचा रंग दर आठवड्याला वहीत नोंदवावा आणि त्या खोलीला डीह्युमिडिफायर द्यावा. वीज बराच वेळ जात असेल, तर यूपीएसचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

आता महाविद्यालयातील सहकाऱ्यांकडे येतो. प्रथिनांच्या रचनेची माहिती १६०० ते १७०० मधल्या अमाइड-१ पट्ट्यात, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या बंधांच्या पट्ट्यात, असते. अल्फा हेलिक्स १६५० च्या थोडे वर दिसते, बीटा रचना १६२० ते १६४० मध्ये. पाण्याचे स्वतःचे तीव्र शोषण १६४५ च्या सुमारास, म्हणजे नेमके त्याच जागी आहे. म्हणून साध्या पाण्यातल्या द्रावणासाठी दोन विंडोंमधले अंतर ६ ते १० मायक्रोमीटर एवढेच ठेवावे लागते. जड पाण्यात हे शोषण १२१० कडे सरकते आणि ५० मायक्रोमीटरपर्यंत मोकळीक मिळते, मात्र तिथे प्रथिनातल्या हायड्रोजनची ड्युटेरियमशी अदलाबदल झाल्याने पट्टेही किंचित सरकतात. इथे केबीआर किंवा सैंधव चालणार नाही, विंडोच विरघळेल. कॅल्शियम फ्लोराइड इथे उत्तम आहे: पाण्याला दाद देत नाही, अपवर्तनांक १.४ असल्याने पृष्ठभागावरचे परावर्तनही जेमतेम तीन टक्के होते. जर्मेनियमच्या न लेपलेल्या विंडोत ते प्रत्येक पृष्ठभागाला ३६ टक्के असते. मुतखड्याला निरुपयोगी असलेला स्फटिक प्रथिनांना आदर्श ठरतो, कारण प्रथिनांचा हा पट्टा त्याच्या मर्यादेच्या पुष्कळ वर आहे.

ऊतींच्या कापांबाबत मी सावध राहायला सांगेन. नेहमीच्या काचेच्या स्लाइडवर वर्णपटाचा महत्त्वाचा भाग दिसणारच नाही, पाच ते आठ मायक्रोमीटरचा काप कॅल्शियम किंवा बेरियम फ्लोराइडच्या स्लाइडवर घ्यावा लागेल. पॅराफिनचे पट्टे १४६२, २८५० आणि २९२० ला येतात, म्हणजे ऊतीतल्या स्निग्ध पदार्थांच्या पट्ट्यांवरच. पॅराफिन काढायला गेले तर ते स्निग्ध पदार्थही धुऊन जातात. शिवाय पेशींच्या आकारामुळे होणारे प्रकाशाचे विकिरण आधाररेषा वाकवते आणि नवख्या माणसाला तो रोगाचा फरक वाटतो. या कामाला सूक्ष्मदर्शी आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेला एमसीटी हा अधिक संवेदनशील शोधक लागतो आणि तो खर्च वेगळाच आहे. हे संशोधन मोलाचे आहे, परंतु त्याने हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे सूक्ष्मदर्शीखाली ऊती पाहून निदान करण्याची, जागा घेतलेली नाही. तुमच्या पहिल्या खरेदीत ते मिसळू नये. एखादा नमुना पाहायचाच असेल, तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (बाहेरच्यांचेही नमुने तपासणाऱ्या उपकरण-सुविधेसारख्या) केंद्राकडे आधी चौकशी करावी.

तुमच्या मूत्ररोगतज्ज्ञांनाही एक विनंती करावी. खडा फोडायला वापरल्या जाणाऱ्या होल्मियम लेझरचा २.१ मायक्रोमीटरचा प्रकाश साध्या सिलिकाच्या तंतूतून जातो, म्हणून तो दुर्बिणीतून थेट खड्यापर्यंत नेता येतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश सिलिका अडवते, म्हणून त्याला आरशांची हलती भुजा लागते. होल्मियमने खड्याचा पूर्ण चुरा झाला की गाभा आणि आवरण यांचा भेद संपतो. शक्य असेल तेव्हा चुरा करण्याआधी एक तुकडा बास्केटने काढून कोरड्या डबीत द्यावा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये.

यंत्र ठरवण्यापूर्वी प्रात्यक्षिकाला स्वतःचे तीन खडे घेऊन जावे: एक व्हेवेलाइटचा, एक युरिक ॲसिडचा आणि एक असा ज्यात थोडे ॲपेटाइट आहे. विक्रेता यंत्र दाखवताना वापरतो त्या पॉलिस्टायरीनच्या नमुना-फिल्मवर समाधान मानू नये. प्रथम नमुन्याशिवायचा एकेरी किरणाचा आलेख काढायला सांगावा आणि ६०० ते ४५० या भागात खरोखर किती प्रकाश उरतो ते पाहावे. मग तिसरा खडा हिऱ्यावर दाबावा आणि ६०३ व ५६५ ची जोडी पडद्यावर स्पष्ट, दोन वेगळ्या शिखरांत दिसते का ते डोळ्यांनी पाहून त्या आलेखाची छापील प्रत दरपत्रकाला जोडून घ्यावी.